फळ्यावरून पुसलेली ओळ

मुलुंड,
२४ नोव्हेंबर १९६९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू मंजूबरोबर पाठवलेला सुक्या बोंबलांचा डबा मिळाला. मिळाला हे आम्हांला कळायच्या आधी जिन्यातल्या सगळ्यांना कळलं. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटी घेऊन दारात उभ्या. वहिनीला सांग, तिच्या हातच्या मिठाची ख्याती आता मुलुंडपर्यंत पोचली.

तुझ्या लेकीचं बरं चाललंय. अभ्यासात हुशार आहे, कामात चोख आहे, फक्त चालण्यात सुस्त. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. बाईसाहेब दर मजल्याला खिडकीशी थांबतात आणि डोंगर बघतात. मी चाळीस ओलांडलेली बाई तिच्याआधी वर पोचते. मी तिला म्हटलं, तुझी आई डोक्यावर टोपली घेऊन दांड्याहून वांद्र्यापर्यंत चालत जायची आणि तुला तीन जिने जड होतात? तर म्हणते कशी, लग्न ठरलेल्या मुलीनं जपून पावलं टाकावीत. वैशाखात वेसाव्याला गेली की सासू शिकवेल तिला पावलं टाकायला.

माझं विचारलंस म्हणून सांगते. उन्हाळ्यात दिल्लीला शिक्षकांच्या शिबिराला गेले होते ना, तिथून एक खूळ घेऊन आलेय. एवढी वर्षं मी काय करत होते? शरीरात काय चालतं ते वहीतून वाचून दाखवायचं, मुलींनी उतरून घ्यायचं आणि परीक्षेत माझंच मला परत द्यायचं. विद्यापीठाची पदवी हातात घेऊन पोरी वॉर्डात जातात आणि पेशंटची नाडी लागली नाही तर शेजारच्या खाटेची लिहून मोकळ्या होतात. यंदा मी वही कपाटात ठेवली. चोवीस मुलींचे चार गट केले. प्रश्न त्यांनीच काढायचा, उत्तर त्यांनीच शोधायचं, एकमेकींच्या अंगावर तपासून बघायचं आणि जे दिसलं-ऐकलं ते आपल्या भाषेत फळ्यावर लिहायचं. मी सगळ्यांत शेवटी बोलायचं. एक नियम केलाय. फळ्यावरची ओळ मी पुसणार नाही. चुकली असेल तर ती का चुकली हे शोधून मुलींनीच पुसायची.

प्राचार्यबाईंना हे पसंत नाही. मी प्रत्येक गटाला एक स्टेथॉस्कोप दिला तेव्हा त्या म्हणाल्या, नर्सनं ऐकायचं ते डॉक्टरांचं, छातीतलं ऐकायला डॉक्टर आहेत. जूनपर्यंत करून बघा म्हणाल्या, निकाल घसरला तर पुन्हा वही काढा.

एका मुलीची मात्र मला काळजी लागलीय. मॉनिका नावाची, मनोरीची, आपल्यासारखीच दर्यावरची. वडील होडीवर जातात. मराठी शाळेतून आलेली, इंग्रजी ऐकलं की मान खाली. जूनपासून तिनं वर्गात एक प्रश्न विचारलेला नाही. मंजूशी जमतं तेवढंच. जिच्या तोंडून पहिला प्रश्न ऐकायची मी वाट बघतेय अशी ती एकच उरलीय.

वहिनीस नमस्कार. माया आहे तशी राहू दे, पत्र मात्र आहे त्याहून लांब येऊ दे.

तुझी,
नलू

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

खारदांडा,
२ डिसेंबर १९६९

चि. नलूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोनूला, तुझ्या वहिनीला, मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं विचारलं, पोरीच प्रश्न काढतात, पोरीच उत्तर देतात, मग आमची नलू तिथं काय करते? मी म्हटलं, बोंबील खाते.

थट्टा सोड. मी सातवी पास माणूस, सोसायटीचं दप्तर लिहितो तेवढीच माझी विद्या. पण तुझं खूळ मला नवं वाटलं नाही. आपल्या बापानं मला पाण्यात उतरवलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वारा कुठला, ओढ कुठं आहे, विचारलं तर सांगायचा नाही. तूच बघ म्हणायचा. पण माझ्या कमरेला दोर बांधलेला असायचा आणि त्याचं दुसरं टोक त्याच्या पायाला. तू तेव्हा लहान, तुला आठवणार नाही. तुझ्या पोरींना खुशाल पाण्यात सोड, पण दोराचं टोक कुठं आहे ते विसरू नकोस.

वेसाव्याचे लोक रविवारी येऊन गेले. चंदर आता मशीनच्या होडीवर इंजिन सांभाळतो. पोरगा निर्व्यसनी आहे, बोलतो कमी. विहीणबाई मात्र दोघांचं बोलतात. लग्नानंतर कॉलेज पुरं करू देऊ हे त्यांनी पुन्हा कबूल केलं. पण सून शिकलेली असली तरी सीझनमध्ये बंदरावर टोपली उचलायला हवी, हेही ऐकवून गेल्या. सोनू म्हणाली, उचलेल की. त्यांच्या नात्यातली सुलक्षणा मंजूच्याच वर्गात आहे म्हणे. चंदरची आतेबहीण.

मंजू जिन्यात थांबते त्यावर फार बोलू नकोस. लहानपणी तिचे गुडघे दुखायचे. आता काही नाही. चारचौघांत तो विषय काढू नकोस, एवढंच.

आई एकवीरा तुला सुखी ठेवो. आठवण काढत जा, आम्ही रोज काढतो.

तुझा,
महादू

मुलुंड,
१७ डिसेंबर १९६९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी सांगून टाकते, मंजू माझ्याजवळ आहे, जेवून आत पडलीय. आता शांतपणे वाच.

काल वर्गात हृदयाचा पाठ होता. जिना चढून आलं की छातीतला आवाज बदलतो का, हा प्रश्न मंजूच्याच गटानं काढला. पडदे ओढून घेतले. आधी प्रत्येकीनं जोडीदारणीचं हृदय बसल्या जागी ऐकलं. मग तीन जिने दोनदा चढउतार, आणि लगेच डाव्या कुशीवर निजवून पुन्हा ऐकायचं. मंजूची जोडी मॉनिकाशी होती. मंजू वर आली तेव्हा तिचे ओठ मला निळसर वाटले, पण मी दुसऱ्या गटाकडं वळले. मी वळले, दादा. हे मी स्वतःला माफ करणार नाही.

मॉनिका कितीतरी वेळ कान लावून बसली होती. मग उठली, कुणी न सांगता फळ्याकडं गेली, आणि तिनं लिहिलं: "मंजूच्या हृदयात दोन ठोक्यांच्या मधे, लांबून मशीनची होडी यावी तशी घरघर आहे. जिना चढल्यावर होडी जवळ येते. दुसऱ्या कुणाच्या छातीत ही होडी नाही."

वर्ग हसला. मी मंजूजवळ गेले आणि नळ्या कानाला लावल्या. आमच्या पुस्तकाला त्या आवाजाचं वर्णन करायला अर्धं पान लागतं, आणि तरी ते इतकं नेमकं नाही. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला की हृदयाची एक झडप जाड होते आणि तिचं तोंड आकसतं. त्या आकसलेल्या तोंडातून रक्त घुसताना ही घरघर होते.

मान वर केली तर सुलक्षणा फळ्यावरची ओळ वहीत उतरवत होती. मला तुझा चेहरा दिसला, वहिनीचा दिसला, वेसावे दिसलं. मी डस्टर उचलला आणि ती ओळ पुसली. मी म्हटलं, मॉनिका, तू चुकलीस, तो धापेचा आवाज आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला असं होतं. ती हो बाई म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. जूनपासून घोकलेला नियम मी एका झटक्यात मोडला. त्याआधी कधी इतकं सरळ खोटं बोलले होते ते आठवत नाही.

मंजूला वाटतंय की मॉनिकाच चुकली. सोमवारी तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात दाखवणार आहे. सगळ्या मुलींची तपासणी असते असं तिला सांगितलंय. तू मला खरं सांग. नुसते गुडघे दुखत होते, की ताप होता? सांधे सुजले होते का? मी तेव्हा नागपूरला शिकत होते आणि तुम्ही पत्रात सगळं क्षेम लिहायचात.

उत्तर लगेच दे. मायेत कमी करू नकोस, पण या वेळी खुशालीची ओळ नको, खरी ओळ लिही.

तुझी,
नलू

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

खारदांडा,
२२ डिसेंबर १९६९

चि. नलूस,
अनेक आशीर्वाद.

लिहितो. सोनू समोर रडत बसलीय, म्हणून अक्षर वाकडं येईल.

मंजू नऊ वर्षांची होती. पावसाळ्याचे दिवस, होड्या वर ओढलेल्या. तिला ताप आला, मग एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा, मग मनगटं. दोन महिने अंथरुणाला होती. आई म्हणाली, खाऱ्या पाण्यात खेळून वात धरलाय. तेल चोळलं, देवीला बोललो. मग वांद्र्याला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छाती ऐकली आणि बजावलं की हृदयावर गेलंय, दर महिन्याला इंजेक्शन चुकवायचं नाही, वीस वर्षांची होईपर्यंत. आम्ही वर्षभर दिलं. पोर धावायला लागली. गल्लीत बायका विचारायला लागल्या, महादूच्या पोरीला दर महिन्याला सुई कशाला? तुला आपला गाव माहीत आहे. एकदा नाव पडलं की पोर दारात राहते. आम्ही बंद केलं. तुझ्यापासूनही लपवलं, कारण तू ऐकलं नसतंस.

आता पुढचं ऐक. काल वेसाव्याहून माणूस आला. सुलक्षणानं घरी सांगितलं. ती वाईट मनानं बोलली नाही म्हणतात, बाईंनी पुसलं हेही तिनं सांगितलं. पण विहीणबाईंनी निरोप धाडलाय, की मुलीची आत्याच तिथली शिक्षिका आहे, तिनं सहीनं लिहून द्यावं की शिकाऊ मुलीच्या ऐकण्यात चूक झाली. मग त्यांचं समाधान आहे. नाहीतर शिमग्याच्या आत साखरपुडा मोडला असं धरा.

नलू, तू वर्गात एकदा बोललीसच. तेच कागदावर उतरव. मनोरीच्या पोरीचं त्यात काय जातं? शिकाऊ पोर, चुकली म्हटलं तर जगबुडी होत नाही. माझी पोर मात्र जन्माची बसेल. ती माझी एकुलती एक आहे. मंजूला यातलं काही कळू देऊ नकोस, लग्न झालं की आपण औषधपाणी करू. मी तुझ्यापेक्षा मोठा, आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही. हे मागतो.

तुझा,
महादू

मुलुंड,
४ जानेवारी १९७०

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तेरा दिवस उत्तर दिलं नाही, कारण रोज एक लिहीत होते आणि फाडत होते.

इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी मंजूला तपासलं, फोटो काढला, कागदावर आलेख काढला. मग तिला आत बसवून मला दाराबाहेर बोलावलं. झडपेचं तोंड पेन्सिल जाईल एवढं उरलंय. ऑपरेशन करता येतं. छाती उघडून आत बोट घालतात आणि झडप मोकळी करतात. त्यांनी अशी पुष्कळ केलीत, तरी जोखीम आहे, हेही सांगितलं. जड उचलायचं नाही. आणि झडप मोकळी केल्याशिवाय तिला दिवस गेले तर सातव्या-आठव्या महिन्यात फुप्फुसात पाणी भरून ती हातची जाऊ शकते. तू म्हणतोस, लग्न झालं की औषधपाणी करू. दादा, कोळीवाड्यात पहिला पाळणा हलायला कितीसा वेळ लागतो?

आता मॉनिकाचं. तिचं काय जातं, असं तू विचारलंस, म्हणून सांगते. परवा मुलींना वॉर्डात नाडी मोजायला नेलं. एका म्हातारीची नाडी एकशे दहा होती, आणि मधेच ठोका गाळत होती. मॉनिकानं पूर्ण मिनिट मोजलं, वहीत एकशे दहा लिहिलं, ठोका गळतो असंही लिहिलं. मग शेजारणीची वही बघितली. तिथं शहात्तर होतं. मॉनिकानं आपलं खोडलं आणि शहात्तर लिहिलं. का खोडलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, माझं ऐकण्यात चुकतं बाई. बरोबर ऐकणाऱ्या पोरीला मी चुकीचं ऐकायला शिकवलं. नाताळात मनोरीला घरी या, असं तिनं मला दिवाळीपासून सांगून ठेवलं होतं. नाताळ आला आणि गेला, ती त्यावर बोलली नाही.

प्राचार्यबाई मात्र खूश आहेत. फळ्याचा प्रकार बंद झाला, मी पुन्हा वही काढलीय. वाचून दाखवते, मुली उतरून घेतात. वाचताना निदान कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

एवढं सगळं कळत असूनही मी काय केलं ते ऐक. तू मागितलेलं पत्र मी लिहिलं. सहीसकट सोबत पाठवतेय. वेसाव्याच्या लोकांना परस्पर पाठवायचा धीर झाला नाही, म्हणून तुझ्या हातात देतेय. डॉक्टर काय म्हणाले तेही तुला आता ठाऊक आहे. दोन्ही कागद समोर ठेव, आणि कुठला खरा करायचा ते तू ठरव. मला माहीत आहे, हा माझा भित्रेपणा आहे. दोराचं टोक पायाला बांधायचं सोडून मी ते तुझ्या दारात टाकून पळतेय.

मंजूला अजून काही सांगितलेलं नाही. ती फार विचारत नाही, याचीच भीती वाटते.

माझ्यावर रागव, पण मला टाकू नकोस.

तुझी,
नलू

मुलुंड,
१८ जानेवारी १९७०

ती. बाबांस व आईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं घाबराल म्हणून आधीच लिहिते, मी बरी आहे, म्हणजे होते तेवढीच बरी आहे.

इस्पितळात डॉक्टर आत्याशी दाराबाहेर बोलले ते मला ऐकू आलं. ऐकण्याचंच तर शिकवलंय आम्हांला. पुस्तकात झडपेचं प्रकरण काढून वाचलं. त्यात लिहिलेलं सगळं माझ्या अंगावर होतं, जिन्यातली धाप, रात्री दोन उशा, सर्दीनंतर थुंकीत आलेला लाल धागा, जो मी कुणाला दाखवला नाही. बाबा, मलाही लपवता येतं. तुमचीच मुलगी आहे.

सुट्टी संपून मॉनिका परत आली तेव्हा तिला म्हटलं, माझी छाती पुन्हा ऐक. ती तयार होईना. बाई म्हणाल्या चूक आहे म्हणजे चूक आहे, हे एकच. मी तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी तिनं ऐकलं आणि रडायला लागली. मी तिला विचारलं, होडी आहे ना? तिनं मान हलवली. मग मी सुलक्षणाला बोलावलं. तिलाही ऐकवलं.

संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या निमित्तानं सुलक्षणाला घेऊन मी वेसाव्याला गेले. तुम्हांला विचारलं असतं तर जाऊ दिलं नसतंत. तुमच्या विहीणबाईंनी लाडानं जवळ बसवलं. मी सांगितलं, की माझ्या हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करायचंय, टोपली उचलता येणार नाही, मूल व्हायचं ते नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा. त्या हसल्या. म्हणाल्या, पोरी, कुणी डोक्यात भरवलं तुझ्या? उठल्या आणि देवाच्या फोटोमागून आत्याचं पत्र काढून माझ्या हातात दिलं. तुम्ही नेऊन दिलेलं.

आत्याचं अक्षर मी बाराखडीपासून ओळखते. तिनंच मला गिरवायला शिकवलं. मी ते दोनदा वाचलं, परत दिलं आणि म्हटलं, हे खोटं आहे. त्या घरात दहा माणसांसमोर माझ्या आत्याला मी खोटं म्हटलं, बाबा. तेवढं एकच मला तिथं जड गेलं. बाकी सगळं बोलताना धापसुद्धा लागली नाही.

चंदर दाराशी उभा होता. मी पिशवीतून कॉलेजचा स्टेथॉस्कोप काढला आणि त्याच्या कानाला लावला. मोठी माणसं बघत राहिली. त्यानं बराच वेळ ऐकलं. मग आईला म्हणाला, इंजिनाचा व्हॉल्व्ह चिकटला की आपण तो उघडून साफ करतो, होडी फोडत नाही. त्याच्या आईनं सांगितलं, की होडी आपली असते, ही अजून आपली झालेली नाही. साखरपुड्याची साडी आणि अंगठी तुम्ही परत करायची असं ठरलं. तो अंधेरी स्टेशनपर्यंत पोचवायला आला. वाटेत बोलला नाही. त्यानं काही बोलावं असं मला वाटत नव्हतं, असं मात्र नाही.

ऑपरेशनच्या कागदावर बापाची सही लागते. बारा फेब्रुवारी तारीख दिलीय. तुम्ही याल ना? आईला म्हणावं, इंजेक्शनं बंद केलीत याचा मी राग धरलेला नाही. थोडा धरलाय, पण तो जाईल.

तुमच्या मायेची आता जास्त गरज आहे, ती राखून ठेवा.

तुमची,
मंजुळा

खारदांडा,
२१ जानेवारी १९७०

चि. नलूस,
आशीर्वाद.

मंजूचं पत्र तूही वाचलं असशील. डॉक्टरांचं म्हणणं मी वाचलं होतं. तरी तुझा कागद मीच नेऊन दिला. विहीणबाई खूश झाल्या, मला ताडी पाजली, मी प्यालो.

आठ तारखेला सगळे मुलुंडला येतो. सही करायला माझा हात चालेल, पण पोरीकडं बघायला डोळे वर होतील की नाही ते सांगता येत नाही. गल्लीत आता सगळ्यांना ठाऊक आहे. सोनू काल बाजारात म्हणाली, हो, माझ्या पोरीचं ऑपरेशन आहे. कुणी पुढं काही विचारलं नाही. दहा वर्षं आम्ही एवढ्याला भ्यालो.

तू कागद मला पाठवलास, मी वेसाव्याला दिला. आपण दोघांनी मिळून त्या पोरीला पाण्यात सोडलं, आणि दोर तिनंच पोहत येऊन आपल्या हातात दिला. अजून काय लिहू.

महादू

मुलुंड,
२९ जानेवारी १९७०

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू मला चि. लिहिलंस, आशीर्वाद लिहिलास, म्हणून उत्तर लिहायची हिंमत झाली.

मंजू माझ्याशी बोलते. चहा करते, इस्पितळात जायची यादी करते, माझ्या केसांना तेल लावून देते. पण त्या पत्राबद्दल एक अक्षर काढत नाही. मी दोनदा विषय काढला तर म्हणाली, मला सांगून काय आत्या, जिला सांगायचं तिला सांग.

म्हणून आज वही न घेता वर्गात गेले. चोविसाव्या मुलीची हजेरी झाल्यावर खडू घेतला, आणि त्या दिवशी पुसलेली ओळ फळ्यावर लिहिली. सगळी, होडीसकट. एक शब्दही विसरले नव्हते. खाली लिहिलं, ऐकणारी बरोबर होती. मग वर्गाकडं तोंड करून सांगितलं, की ही ओळ मी पुसली, ती चुकीची होती म्हणून नाही, तर ती माझ्या घरची होती म्हणून. ओळ पुसायची नाही हा नियम मी केला होता आणि तो मोडणारी मी एकटीच निघाले. सुलक्षणा रडत होती. मंजू पहिल्या बाकावर बसून वहीत रेघा मारत होती.

सांगितलं की मोकळं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. प्राचार्यबाईंच्या कानावर तासाभरात गेलं, त्यांनी लेखी खुलासा मागितलाय. देईन. कदाचित जूननंतर मी इथं नसेन. त्याचं आज फारसं वाटत नाही.

माझं बोलून झालं. मी खडू ठेवला. तेवढ्यात मागच्या बाकावर हात वर झाला. मॉनिकाचा. दादा, या हाताची मी जूनपासून वाट बघत होते. तो वर झाला तर काय काय सांगेन, हे मनात कितीदा घोळवलं होतं. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि तिनं तिचा पहिला प्रश्न विचारला.

"बाई, त्या दिवशी तुम्हांला ऐकू आलं होतं का?"

मी म्हटलं, हो.

ती खाली बसली. तिनं वही उघडली आणि ते लिहून घेतलं.

आठ तारखेला या. वहिनीला म्हणावं, बोंबील आण, मंजूला हवेत. लोभ करायला सांगणार नाही या वेळी, जेवढा उरला असेल तेवढा घेऊन ये.

तुझी,
नलू